खालची ओळ

चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाशी गेलं आणि त्याच वेळी समोरच्या पडद्यावर कीर्तीच्या वडिलांचं नाव आलं. आधी वाईट वाटलं ते बिस्किटाचं. हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं, आणि आठवलं की चोरट्यासारखं व्हायचं. नागनाथ शिवशरण, राहणार बुधवार पेठ, धंदा मिल कामगार. पडद्याच्या डाव्या बाजूला जुन्या जन्म रजिस्टरच्या पिवळट, कडेला वाळवीनं खाल्लेल्या पानाचा फोटो होता, आणि उजव्या बाजूला मशीननं ते अक्षर वाचून टाइप केलेल्या दोन ओळी. वर लाल पट्टी: दुबार नोंद, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के, खालची ओळ रद्द करावी. खाली दोन बटणं, एक हिरवं 'मान्य' आणि एक राखाडी 'अमान्य'. कीर्तीचं बोट सवयीनं हिरव्या बटणावर जाऊन बसलंच होतं. गेल्या तीन आठवड्यांत तिचं बोट डोळ्यांच्या पुढं पळायला शिकलं होतं. बिस्कीट शाबूत राहिलं असतं तर बटण दाबलंही गेलं असतं. पण चमच्यानं गाळ काढावा की तसाच चहा पिऊन टाकावा या विचारात ती अर्धा मिनिट थांबली, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिनं तारीख वाचली. सोळा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. ही तिची स्वतःची जन्मतारीख होती.

वरची ओळ, नोंदणी क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी: मुलगी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, नाव कीर्ती. नाव वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं, मागाहून घातलेलं. खालची ओळ, अकराशे अठ्ठ्याऐंशी: मुलगी, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटे. नावाची जागा कोरी. बाकी सगळ्या रकान्यांत एकच शब्द खाली खाली सरकत गेलेला, कित्ता. म्हणजे वरच्यासारखंच. बाप कित्ता, आई कित्ता, पत्ता कित्ता, दवाखाना कित्ता. जुने कारकून हात वाचवायला असंच लिहायचे. कीर्तीनं चहा बाजूला सारला. तिच्या पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात, जन्मदाखल्याची झेरॉक्स कायम असायची. सरकारी नोकरीतल्या माणसाला स्वतःचा पुरावा जवळ बाळगायची खोड लागते. तिनं ती काढून बघितली. क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी. इतकी वर्षं हा आकडा तिनं फॉर्मांवर लिहिला होता, परीक्षेच्या, नोकरीच्या, बँकेच्या, आणि त्याच्या पाठोपाठ एक अठ्ठ्याऐंशीही असेल हे कधी मनात आलं नव्हतं. कारण जुळ्यांतली पहिली गेली, दुसरी राहिली, आणि राहिलेली दुसरी आपण, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मग आपण वरच्या ओळीत काय करतोय?

मशीन, मशीन असं सगळे म्हणायचे, पण दाखवायला मशीन असं काही नव्हतंच. सरकारचा आदेश आला, शहरोशहरीच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी संगणकावर घ्यायच्या, आणि एका कंपनीचा रत्नदीप नावाचा इंजिनियर पाठीवर सॅक अडकवून महापालिकेच्या जन्ममृत्यू कचेरीत हजर झाला. रेकॉर्डरूमचा सिद्रामप्पा नाईक त्याला विचारत होता की मशीन टेम्पोतून येणार की काय, जिन्यावरून चढेल का. रत्नदीप कुर्डुवाडीचा, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, हसला आणि सॅकवर थाप मारून म्हणाला, आलंय की. पन्नास वर्षांची रजिस्टरं फोटो काढून त्यात घातली गेली. वेडंवाकडं, पसरट, किड्यामुंग्यांसारखं, कसलंही अक्षर ते वाचायचं. जिथं अडायचं तिथली ओळ कीर्तीसमोर टाकायचं. पूर्वी एखादी म्हातारी आपल्या जन्माचा कागद मागायला आली की सिद्रामप्पा तोंडाला फडकं बांधून आठ-आठ दिवस शोधत बसायचा आणि म्हातारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहायची. आता नाव टाकलं की कागद समोर. कीर्तीला ते मनापासून आवडलं होतं. कचेरीत मशीनच्या बाजूनं बोलणारी ती पहिली. कचेरीच्या मुख्य मॅडमनी म्हणून तर तिलाच या कामावर बसवलं.

आणि कित्ता मशीनला शिकवला तोही तिनंच. पहिल्या आठवड्यात मशीननं तो शब्द माणसाचं नाव समजून वाचला आणि शहरात एकाएकी सहाशे पोरांचा बाप कित्ता नावाचा इसम निघाला. कचेरी दिवसभर हसत होती. सिद्रामप्पानं तर कित्ताला आधी शोधून आणा म्हणून सांगितलं. कीर्तीनं रत्नदीपला बसवून समजावलं, की कित्ता दिसला की वरच्या ओळीतलं उतरवून घ्यायचं. त्यानं तसा नियम घातला. दुसरी अडचण दुबार नोंदींची. एकच मूल दवाखाना एकदा कळवायचा आणि घरचे मागाहून दुसऱ्यांदा, वेळ दोघं वेगवेगळी सांगायचे. तेव्हा आईबाप, पत्ता आणि तारीख एक असेल तर वेळेकडं बघू नका, नोंद दुबारच, असंही तिनंच सांगितलं. डोकं चालवलं म्हणून मॅडमनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. आई तीच, बाप तोच, दवाखाना तोच, तारीख तीच आणि वेळ वेगळी असं आणखी कुणाच्या बाबतीत घडतं, हे तिथं कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाकीच्यांचं सोडा. जिनं आईच्या पोटात नऊ महिने दुसरीला पाठ लावून काढले होते तिच्याही लक्षात येऊ नये? तिनं तीन आठवड्यांत दाबलेली हिरवी बटणं तिला आठवेनात. ती पोरं कुणाची, कोणत्या पेठेतली, त्यातली किती खरी दुबार आणि किती जोडीची, काही काही आठवेना. सगळ्यात वेगानं काम करणारी म्हणून तिचं नाव फळ्यावर लिहिलेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जे मान्य झालं ते कायम होणार होतं, आणि ज्याला कुणी हात लावला नाही ते मशीनच्या शिफारशीप्रमाणे. आज बुधवार होता.

तिनं ती ओळ तशीच उघडी ठेवली आणि खुर्चीत मागं रेलली. पंखा डोक्यावर गरम हवा ढवळत होता. धाकटी. आई तिला धाकटीच म्हणायची, अजूनही म्हणते. गल्लीतल्या बायका हसायच्या, अगं पारूबाई, थोरली कुठाय तुझी, की एकटीच धाकटी? पुढं दिपक झाला, तो खरा धाकटा, तरी आई त्याला दिपक म्हणायची आणि हिला धाकटीच. कीर्तीला राग यायचा. आपण घरातल्या मोठ्या, दिपकला कडेवर घेऊन आपलं अंग वाकडं झालं, आणि नाव काय तर धाकटी. आई विड्या वळता वळता मान वर न करता म्हणायची, सवय लागलीय. या सवयी तरी किती. आई बाजारातून काही आणायची ते दोन दोन. पोरगी एक आणि रिबिनींचे जोड दोन, फ्रॉकाचं कापड दोघींपुरतं. दुसरा जोड शेजारच्या विणकरांच्या धनलक्ष्मीला जायचा. धनलक्ष्मी घरात तेलुगू बोलायची, बाहेर मराठी, आणि दर दिवाळीला कीर्तीसारखाच फ्रॉक घालून दारात उभी राहायची, नाकावर टिचून. हिच्या आईनं हिला काही आणू नये आणि आपल्या आईनं दोघींना आणावं, हे कीर्तीला खुपायचं. एकदा तिनं धनलक्ष्मीच्या फ्रॉकाची बाही ओढून फाडली. आईनं हात उगारला नाही, ओरडली नाही, फक्त फाटलेली बाही मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवत बसली आणि दोरा काही केल्या ओवला जाईना. तेव्हाच वडिलांनी तिला बाहेर नेऊन सांगितलं, की तुझ्याआधी पंचवीस मिनिटं एक आली होती. नऊ दिवस राहिली.

त्या दिवसापासून तिला ती हवीशी झाली. कुणी सांगितलेलं नसतानाही तिला तिचं नाव माहीत होतं. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, एक छोटा स्टीलचा पेला होता, बारशात देतात तसा, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, बुद्धप्रिया. तसलाच दुसरा पेला, कीर्ती नावाचा, तिच्या रोजच्या वापरात होता, पोचे पडलेला. वडिलांना भांड्यांवर नावं घालायचा नाद होता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण नाव लिहिलेलं दिसलं की बोट फिरवून बघायचा. ट्रंकेतला पेला हातात घेऊन तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, तुज्याच जोडीचा हाय. आणि आईनं तो हातातून घेऊन परत शालूत गुंडाळला होता. एवढं पुरे होतं. बुद्धप्रिया शाळेत तिच्याशेजारी बसू लागली. बुद्धप्रियाला गणित यायचं. बुद्धप्रिया धनलक्ष्मीपेक्षा उंच होती, तिचे केस दाट होते, ती अंधाराला भीत नसे. दहावीचा निकाल लागला तेव्हा कीर्तीनं मनात आधी तिला सांगितलं. कॉलेजात एक मुलगा आवडला आणि त्याचं दुसरीकडं जमलं, तेही तिलाच. मोठी झाल्यावर अशा गोष्टी कमी होतात, झाल्याही, पण बंद पडल्या नाहीत. बत्तिसाव्या वर्षी, कचेरीतून येताना तलावाच्या कडेनं स्कूटर चालवत असताना, कुणीतरी मागं बसलेलं असावं असं तिला अजून वाटायचं. स्कूटरचं मागचं सीट ती पुसून ठेवायची.

म्हणून आता तिला जे वाटत होतं त्यात चुकीचा राग कमी आणि लाज जास्त होती. कुणा कारकुनानं तिचं नाव घालताना न बघता वरच्याच ओळीत घालून टाकलं असणार, आणि ती आयुष्यभर बुद्धप्रियाच्या जागेवर बसून राहिली. बसल्या जागेवरून आता तिनं बुद्धप्रियाची उरलीसुरली निशाणीही पुसायला घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत ती रेकॉर्डरूममध्ये गेली. सिद्रामप्पानं फोटोतलं नव्हे, खरं रजिस्टर काढून दिलं. कागदाचा वास आला, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खळीचा. पान उघडल्यावर तिला फोटोत न दिसलेलं काहीतरी दिसलं. दोन्ही ओळींच्या कडेला पेन्सिलीचा एक बारीक कंस होता, दोघींना मिळून घातलेला. सिद्रामप्पानं चष्मा कपाळावर चढवला. तो म्हणाला, "जुळं असलं की आमचे जुने साहेब असा कंस घालायचे. लिहायचे नाहीत. शाई वाया जाते म्हणायचे." फोटो काढताना पेन्सिल उठली नव्हती. मशीननं जे दिसलं ते वाचलं होतं. कीर्ती कंसावरून बोट फिरवत राहिली, वडील फिरवायचे तसं, आणि सिद्रामप्पानं तिला डबा खायची आठवण करून दिली.

संध्याकाळी घरी पाण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी नळ आला की गल्लीत लगबग होते. बोलायला कुणाला सवड नसते, म्हणूनच बोलता येतं. पारूबाई पदर खोचून पिंपात नळी धरून उभी होती. विड्या वळणं डोळ्यांमुळं सुटलं होतं, पण अंगठा आणि पहिलं बोट अजूनही एकमेकांवर घासत राहायचं, मोकळं असलं की. कीर्तीनं हंडे सरकवता सरकवता सगळं सांगितलं. मशीनचं सांगितलं, कित्ताचं सांगितलं, कारकुनाची चूक सांगितली. आईनं नळी पिंपातून घागरीत टाकली आणि पाणी भरू दिलं. मग म्हणाली, "चूक कशाची गं? तुज्या बापानं सोताच्या तोंडानं सांगितलं हुतं, वरच्या वळीत घाला म्हनून. शाळंत घालायचं हुतं तुला, तवा. मी संगट हुते की."

कीर्तीनं हंडा खाली ठेवला.

"कीर्ती थोरलीचं नाव," आई म्हणाली. तिचं लक्ष घागरीच्या काठाकडं होतं. "दोगी झाल्या त्याच सांजंला त्यानं पेलं आनलं, नावं घालून. पयलीचं कीर्ती, तुजं बुद्धप्रिया. नवव्या दिवशी पयली गेली. बाराव्याला बारसं. बुद्धवंदना झाली, आनि ह्यो तुज्या कानात म्हनतो कीर्ती. मी म्हनलं, आवं, ते थोरलीचं. तर म्हनला, धाकटीला अख्खा जलम मिळालाय. थोरलीचं निदान नाव तरी रोज कुनीतरी घेत जाऊ दे."

घागर भरून वाहू लागली. दोघींपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, आणि पाच दिवसांनी आलेलं पाणी गल्लीच्या उतारानं निघून गेलं. शेवटी आईनं नळी काढली. ती म्हणाली, "त्यो घ्यायचा तिचं नाव. माज्या तोंडातनं तुला ते निघंना. म्हनून धाकटी."

नंतर चूल, भाकरी, बातम्या, दिपकचा पुण्याहून फोन, सगळं नेहमीसारखं झालं. कीर्ती जेवली. शेंगांची चटणी वाढून घेतली. पण आत काहीतरी आपली जागा सोडून फिरत होतं. वडील आता नव्हते, सहा वर्षं झाली. मिल बंद पडल्यावर ते एका यंत्रमागाच्या गोदामावर रखवालदारी करायचे, आणि घरी आले की गल्लीच्या तोंडापासून हाक मारायचे. कीर्तीऽऽ. शेवटचं अक्षर लांबवायचे. ती धावत जायची तर म्हणायचे, आधी ओ दे. समोर उभी असली तरी. पोरं चिडवायची, तुझा बाप डोळ्यांनी अधू आहे का. तिलाही विचित्र वाटायचं, की माणूस पुढ्यात आहे, पिशवी हातातून घेते आहे, आणि याला ओ ऐकायचीय. मोठेपणी ती कुरकुरत ओ द्यायची. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तोंडावर नळी असतानाही त्यांनी ओठ हलवले आणि तिनं ओ दिली नाही, हात धरला. वाटलं, आता ओ कशाला, हात धरलाय ना. हे आठवलं आणि तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. ते कुणाला हाक मारत होते? दोघींना मारत असणार. एक हाक आणि तिला दोघींची मिळून एक ओ, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तिनं शेवटची ओ दिलीच नाही.

आणि बुद्धप्रिया? इतकी वर्षं जिच्याशी बोललो, जिला निकाल सांगितले, जिच्यासाठी स्कूटरचं सीट पुसलं, ती कधी गेलीच नव्हती. ती इथं बसून भाकरी खात होती. गेलेलीला तिनं एकदाही तिच्या नावानं हाक मारली नव्हती, उलट ते नाव अंगावर घालून आयुष्यभर हिंडली, फ्रॉकासारखं. आणि धनलक्ष्मीची बाही फाडली. कीर्तीला एकदम धनलक्ष्मी आठवून रडू आलं. लग्न होऊन ती भिवंडीला गेली होती, कधीची, आणि तिचा साधा नंबरही नव्हता. रडू आलं ते कुणासाठी, हे तिला ठरवता येईना. बुद्धप्रियासाठी झुरायची तिला सवय होती. ती सवय आता रिकामी झाली, आणि कीर्तीसाठी कसं झुरायचं हे तिला माहीत नव्हतं. ते तिला आत्तापासून शिकायचं होतं. आईनं ताट उचलताना तिच्याकडं बघितलं. मग आत जाऊन ट्रंक उघडली, शालूच्या घडीतून पेला काढला, घासला, पाणी भरून तिच्यापुढं ठेवला. कीर्ती पाणी प्यायली. ओठाला ठिपक्यांचा खरखरीतपणा लागला, आपल्या नावाचा, पहिल्यांदाच.

गुरुवारी सकाळी तिनं मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, की नियम चुकला होता आणि नियम तिचाच होता. तिच्या सांगण्यावरून रत्नदीपनं आकडा काढून ठेवला होता. एकच तारीख, एकच आई, एकच दवाखाना, वेळ मात्र वेगळी आणि दुसऱ्या ओळीत कित्ता, अशा चारशे बारा जोड्या. त्यातल्या तीनशे साठ तिनं मान्य केलेल्या. त्या सगळ्या परत उघडाव्या लागतील आणि प्रत्येकीसाठी खरं रजिस्टर काढून पेन्सिलीचा कंस बघावा लागेल. मॅडमनी विचारलं, उद्या मंत्रालयातून कोण येतंय माहीत आहे ना. माहीत होतं. पूर्ण झालं म्हणून पत्र गेलंय हेही माहीत होतं. मॅडम वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांपूर्वीची पोरं, त्यातली बरीच जिवंतही नसतील, दाखला मागायला कोण येणार आहे. कीर्ती म्हणाली, "मॅडम, जी जिवंत नाहीत त्यांच्यासाठी कुणीच येणार नाही. त्यांची तेवढी एकच ओळ आहे." आणि मग तिनं लेखी दिलं, चूक माझी आहे म्हणून, खाली सही करून. सही करताना 'कीर्ती ना. शिवशरण' हे नाव आज तिला सावकाश लिहावं लागलं, दुसऱ्याची वस्तू जपून ठेवावी तसं. मॅडमनी कागद दोनदा वाचला, फळ्याकडं बघितलं, आणि 'पूर्ण'च्या जागी 'तपासणी सुरू' असं पत्र करायला सांगितलं. फळ्यावरचं कीर्तीचं नाव दुपारी कुणीतरी पुसलं. तिला बरंच वाटलं.

रत्नदीपनं नियम बदलला. कित्ता दिसला की आता वेळ बघायची, आणि वेळ वेगळी असेल तर माणसाला विचारायचं. तो म्हणाला, "ताई, मशीनला आपण काय बघू नको ते सांगितलं की ते खरंच बघत नाही. माणूस सांगूनसुद्धा चोरून बघतो." जोड्या एकेक करून परत येऊ लागल्या. सिद्रामप्पा फडकं बांधून रजिस्टरं काढत होता आणि इतक्या वर्षांत एवढा खूश कधी दिसला नव्हता. कंस सापडला की तो रेकॉर्डरूममधून मोठ्यानं ओरडायचा, हाय, आणि कीर्ती अमान्यचं बटण दाबायची. कंस नसला की, न्हाय. दुपारपर्यंत एकोणतीस हाय झाले. बिरप्पा अमक्यातमक्याचे दोन मुलगे, केराबाईच्या मुली, एका बाईचं तर तिळं, एका कंसात तीन. पैकी कोण कुठं असेल, कोण असेल, कोण नसेल, कीर्तीनं बोटाला सावकाश चालायला लावलं आणि प्रत्येक कोऱ्या जागेपुढं थोडं थांबू दिलं.

अकराशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी चार वाजता आलं. घरची नोंद स्वतः हाताळायची नाही असा नियम आहे, आणि नियमांबाबत ती आता हळवी झाली होती. तिनं सिद्रामप्पाला खुर्चीवर बसवलं. त्यानं आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता. धोतराला बोट पुसून त्यानं ते राखाडी बटणावर ठेवलं, आणि दाबलं. लाल पट्टी गेली. दोन ओळी एकाखाली एक राहिल्या. मग खालच्या ओळीसाठी मशीननं एक चौकट उघडली, नाव भरा, अन्यथा 'नाव उपलब्ध नाही' निवडा. सिद्रामप्पानं मान वळवून विचारलं, "नाव हाय का, बाई?"

नाव होतं. घरी पालथ्या घातलेल्या भांड्यांत, पेल्यावर, ठिपक्याठिपक्यांनी. ते इथं भरलं असतं तर कागदावर कीर्ती गेली आणि बुद्धप्रिया राहिली असं खरं खरं झालं असतं, आणि मग बापानं जे वरच्या ओळीत ठेवलं होतं ते मेलेलीचं नाव झालं असतं. रोज कुणी ते घेतलं नसतं. ती खालच्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली. पहिल्यांदाच ती तिला रिकामी वाटली नाही. तिथं ती स्वतः होती, पंचवीस मिनिटं मागून आलेली, सगळं कित्ता असलेली, जिवंत.

"कोरं राहू द्या," ती म्हणाली.

सिद्रामप्पानं 'नाव उपलब्ध नाही'चं बटण दाबलं आणि खुर्चीवरून उठला. खिडकीबाहेर दाखल्यासाठी रांग लागली होती; कुणा बाईचं मूल किरकिरत होतं. तिकडून कुणीतरी तिला हाक मारली, कीर्ती, शेवटचं अक्षर जरा लांबवून. ती उठली नाही. तिनं डोळे मिटले, आणि थोरलीला आधी ओ देता यावी म्हणून क्षणभर थांबली. मग दोघींच्या वतीनं, कचेरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी, तिनं ओ दिली.